एकट्या आलेल्या परप्रांतीय मुलांची गृहभेट: नेमके काय पाहायचे?

तेरेखोलपलीकडची :

नमस्कार. मी मूळची सिंधुदुर्गातली. समाजकार्याची पदवी घेऊन गेल्या ऑक्टोबरपासून बार्देश तालुक्यातल्या एका छोट्या संस्थेसाठी क्षेत्रभेटी करते. परराज्यांतून आईवडिलांशिवाय गोव्यात आलेले मूल कुणा शिक्षकाच्या, अंगणवाडीसेविकेच्या किंवा शेजाऱ्याच्या नजरेस येते, आमच्याकडे निरोप येतो, आणि मग त्या मुलाच्या राहण्याच्या जागी जाऊन ते सुरक्षित आहे की नाही याचा अहवाल मी द्यायचा असतो. त्यासाठी माझ्या हाती दोन पानांचा छापील तक्ता आहे: छप्पर, पाणी, वीज, शौचालय, झोपण्याची जागा, सोबतच्या प्रौढ व्यक्तीचे नाव आणि नाते.

गेल्या आठवड्यात किनारपट्टीवरच्या एका गावात (गावाचे नाव खाली आलेल्या सूचनेनंतर काढले आहे) भाड्याच्या खोल्यांच्या ओळीत गेले होते. एका खोलीत सहा पुरुष आणि दिसायला तेरा वर्षांचा एक मुलगा राहत होता. त्या पुरुषांपैकी एकाने सांगितले, "माझा पुतण्या आहे, सुट्टीत फिरायला आला आहे." मुलाला विचारले तेव्हा त्याने आधी त्या माणसाकडे पाहिले आणि मग तेच वाक्य जवळजवळ त्याच शब्दांत म्हटले. जानेवारीत कसली सुट्टी, हे विचारायचे मला तिथे सुचले नाही. आधार पत्राची झेरॉक्स दाखवली गेली. तिच्यावर जन्मतारीख १ जानेवारी होती आणि तिच्याप्रमाणे मुलगा पंधरा वर्षांचा ठरत होता. पाणी होते, वीज होती, शौचालय सामायिक असले तरी स्वच्छ होते. सगळे रकाने भरले, आणि खोलीबाहेर पडले तेव्हा लक्षात आले की त्या मुलाविषयी मला काहीच कळलेले नाही. त्याच्या बोटांची टोके रोज भांडी घासणाऱ्याची असतात तशी पांढरी पडून सोललेली होती, पण तक्त्यात बोटांसाठी रकाना नाही.

माझे प्रश्न दोन आहेत. अशा भेटीत अनुभवी माणसे नेमके काय पाहतात? आणि बाल कल्याण समितीला (अशा मुलांच्या सांभाळाविषयी निर्णय देणाऱ्या कायदेशीर समितीला) केव्हा कळवायचे? कळवले तर मूल बालगृहात जाईल आणि नाते खरे असेल तर मी एक घर मोडल्यासारखे होईल. न कळवले तर काय होईल, याचा विचार करवत नाही.

जुवारीकाठ :

तुमचा तक्ता वाईट नाही, पण तो खोली तपासण्यासाठी केलेला आहे. मुरगाव तालुक्यात बरीच वर्षे हेच काम केल्यावर माझे मत असे झाले आहे की खोली चांगली निघाली म्हणून निश्चिंत होऊ नये आणि वाईट निघाली म्हणून घाबरून जाऊ नये. गोव्याला तर हे वेगळे सांगायला नको. १९९१ साली मडगावात उघडकीस आलेले आणि १९९६ साली जन्मठेपेच्या शिक्षेपर्यंत गेलेले मुलांच्या लैंगिक शोषणाचे फ्रेडी पीट्स प्रकरण ज्या घरात घडले, ते घर अनाथ मुलांचा आश्रम म्हणून चालत होते आणि चालवणारा माणूस परोपकारी समजला जात होता. त्या घराला कुणी तुमचा तक्ता लावला असता, तर त्यातले बहुतेक रकाने समाधानकारक भरले असते.

आधी शब्दांचा एक भेद सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने २००५ साली काढलेल्या सहाव्या सर्वसाधारण टिप्पणीत दोन प्रकारची मुले वेगळी मानली आहेत: आईवडील, नातेवाईक किंवा जबाबदार प्रौढ यांपैकी कुणीही सोबत नसलेली, आणि आईवडिलांपासून दुरावलेली पण दुसऱ्या एखाद्या नातेवाइकासोबत असलेली. ती टिप्पणी देशाबाहेर गेलेल्या मुलांविषयी आहे आणि आपली मुले फार तर राज्याची सीमा ओलांडून आलेली असतात. तरीही तो भेद इथे उपयोगी पडतो, कारण आपल्याला भेटणारी बहुतेक मुले दुसऱ्या प्रकारची असतात किंवा तशी असल्याचे सांगितले जाते. मी सुरुवातीला "हा खरोखर काका आहे का?" या प्रश्नापाशी अडकून पडत असे. पुढे कळले की रक्ताचा काकाही मुलाला राबवतो आणि गावचा परका माणूसही कधी पोटच्या पोरासारखे सांभाळतो. म्हणून नाते विचाराच, पण त्यापुढे हे विचारा की तिकिटाचे पैसे कुणी दिले, मुलाच्या कामाचे पैसे कुणाच्या हाती पडतात, ताप आला तेव्हा दवाखान्यात कोण घेऊन गेले आणि घरी परत जायचे असे मुलाने ठरवले तर ते कुणाला विचारावे लागते. गावी आईबापांना उचल दिलेली असेल, तर शेवटच्या प्रश्नाला मूल बहुधा गप्प बसते, आणि ते गप्प बसणे जसेच्या तसे अहवालात लिहावे.

भेटीची वेळ कार्यालयाच्या सोयीने ठरवू नका. सकाळी अकरा वाजता गेलात तर एक तर खोलीला कुलूप असते किंवा तुमच्यासाठी तयार केलेले उत्तर असते. किनाऱ्यावरची मुले रात्री उशिरा परततात आणि सकाळी झोपलेली असतात. जेटीवरची पहाटे सापडतात. मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, त्या काळात जेटीवर जाऊन "मुले आढळली नाहीत" असा अहवाल देणे म्हणजे पाऊस संपल्यावर छत्री उघडण्यासारखे आहे. ट्रॉलरवर नवी माणसे ऑगस्टच्या तोंडाशी येतात, म्हणून तेव्हा जावे. शॅक (किनाऱ्यावरची तात्पुरती उपाहारगृहे) मेअखेरीस मोडतात आणि दिवाळीच्या आसपास पुन्हा उभे राहतात, त्यामुळे तिकडची नवी मुले शोधायची तर नोव्हेंबरात.

भाषेविषयी मी थोडा हट्टी आहे. मुकादमाने किंवा खोलीतल्या कुणी केलेला अनुवाद मी अनुवाद मानत नाही. गदग-कोप्पळकडचे मूल कन्नड बोलते, लमाणी तांड्यावरचे मूल घरात गोरबोली बोलते, झारखंडचा मुलगा तुमच्या हिंदीला मान डोलावतो पण त्याची भाषा सादरी किंवा संथाळी असते. मान डोलावणे हे उत्तर नव्हे. दुसऱ्या वस्तीतली, त्या ठेकेदाराशी संबंध नसलेली बाई किंवा शिक्षक सोबत न्या, आणि मुलाशी खोलीबाहेर बोला: नळापाशी, पायरीवर, सोबतच्या माणसाला दिसेल पण ऐकू जाणार नाही इतक्या अंतरावर. पूर्ण आड नेलेत तर मूलही बिचकते आणि मागाहून त्याला त्याबद्दल जाब द्यावा लागतो.

खोलीत पाहायचेच असेल तर अंथरुणे मोजा, आणि मुलाची पिशवी कुठे आहे ते त्यालाच दाखवायला सांगा. स्वतःची पिशवी, स्वतःचे कागद आणि घरचा दूरध्वनी क्रमांक या तिन्ही गोष्टी ज्याच्या ताब्यात आहेत त्या मुलाविषयी मला कमी काळजी वाटते. आईशी बोलायचे ते मुलाने सांगितलेल्या क्रमांकावर, प्रौढाने लावून दिलेल्या क्रमांकावर नव्हे. छायाचित्रे काढू नका, समोर वही उघडून लिहू नका. आणि पहिल्या भेटीवर निष्कर्ष लिहू नका. अमेरिकेत एकट्या आलेल्या मुलांना नातेवाइकाच्या हवाली केल्यावर तीस दिवसांनी दूरध्वनीवरून विचारपूस करण्याची पद्धत आहे, आणि तिथेही तक्रार हीच असते की दूरध्वनीवर मुलाच्या शेजारी कोण उभे आहे ते दिसत नाही. तुम्हाला चालत जाता येते, ही तुमची मोठी सोय आहे.

आल्तिनोची पायरी :

मी वकिली करतो, म्हणून प्रथम एक अप्रिय सूचना. बाल न्याय (मुलांची काळजी व संरक्षण) अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे अशा मुलाची ओळख पटेल असे नाव, पत्ता, शाळा किंवा अन्य कोणताही तपशील प्रसिद्ध करण्यास मनाई आहे आणि त्यासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. गाव, खोल्यांची ओळ, माणसांची संख्या आणि वय हे सारे एकत्र आले की ओळख पटते. गावाचे नाव कृपया लगेच काढावे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. कलम ३२ चे बंधन हरवलेल्या, टाकून दिलेल्या किंवा कुटुंबाचा आधार नसलेल्या अनाथ मुलाविषयी आहे: असे मूल ज्याला आढळेल त्याने चोवीस तासांच्या आत बालसाहाय्य क्रमांक, जवळचे पोलीस ठाणे, बाल कल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्ष यांपैकी कुणाला तरी कळवलेच पाहिजे, आणि न कळवणे हा कलम ३३ व ३४ खाली गुन्हा आहे. लैंगिक अत्याचाराची नुसती शंका असली तरी २०१२ च्या पॉक्सो कायद्याने कळवणे सक्तीचे आहे. तिथे दुसऱ्या भेटीची वाट पाहायची नसते. तुम्हाला भेटलेला मुलगा या दोन्हींत स्पष्टपणे बसत नाही. पण कामगारविषयक कायद्यांचा भंग करून कामाला लावलेले मूल हे कलम २(१४) प्रमाणे काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक आहे, आणि कलम ३१ खाली त्याला समितीपुढे हजर करण्याचा अधिकार सामाजिक कार्यकर्त्यालाही दिलेला आहे. म्हणजे सक्ती नसली तरी मार्ग खुला आहे, आणि सोललेली बोटे पाहिल्यावर तुम्ही तो वापरावा असे मला वाटते.

बालगृहाची भीती थोडी अतिरंजित आहे. संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय असावा, हे त्याच कायद्याच्या कलम ३ मधले तत्त्व आहे. समितीपुढे मूल गेल्यावर सामाजिक तपास अहवाल पंधरा दिवसांत यायचा असतो आणि अंतिम आदेश चार महिन्यांत. मधल्या काळात योग्य व्यक्तीकडे ठेवण्याचीही तरतूद आहे. नाते खरे आणि सांभाळ नीट निघाला, तर समिती मूल परत देऊ शकते. समितीची बैठक नसेल त्या दिवशी एका सदस्यापुढेही हजर करता येते, हे पुष्कळांना माहीत नसते आणि त्यामुळे मूल विनाकारण पोलीस ठाण्यात ताटकळते.

वयाबद्दल: १ जानेवारी ही जन्मतारीख दिसली की सावध व्हावे, कारण नोंदणीच्या वेळी नक्की तारीख सांगता न आल्यास अंदाजाने वर्ष घालून ती लावली जाते. आधार हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली एका अपघात-भरपाईच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. कलम ९४ चा क्रम असा आहे: शाळेचा दाखला किंवा शालान्त प्रमाणपत्र, ते नसल्यास ग्रामपंचायत वा नगरपालिकेचा जन्मदाखला, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची वैद्यकीय चाचणी. त्याच्या गावच्या शाळेतल्या नोंदवहीत काय लिहिले आहे ते मागवा. तेराच्या ऐवजी पंधरा ठरला तर कायद्याचे सारे चित्र बदलते, आणि झेरॉक्स दाखवणाऱ्याला हे चांगले ठाऊक असते.

जाता जाता, मुलाला कुणी राहण्याच्या हॉटेलात नेत असल्याचे कानावर आले तर गोवा बाल अधिनियम, २००३ पाहावा. कुटुंबीय, नातेवाईक किंवा रक्ताचे नाते असलेल्या व्यक्तीसोबत नोंद झाल्याखेरीज मुलाला हॉटेलच्या खोलीत जाऊ देता येत नाही, हा नियम इथल्या कायद्यात आहे.

मिरसांग :

मी किनारपट्टीवर एक छोटे उपाहारगृह चालवतो आणि इथली चर्चा वाचून थोडे बोलावेसे वाटले. आमच्याकडे येणारी सोळा-सतरा वर्षांची मुले आम्ही ओढून आणत नाही. गावचा भाऊ आधी आलेला असतो, तो त्यांना बोलावतो. मुलगा दोन वेळ जेवतो, महिन्याला घरी पैसे पाठवतो, आणि धाड पडून गावी परत पाठवला गेला तर पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावातल्या दुसऱ्या मालकाकडे उभा असतो, जो कदाचित आमच्याहून वाईट असतो. चौदा वर्षांवरच्या मुलाला धोकादायक नसलेले काम देणे कायद्याने बंद नाही. मग प्रत्येक मालकाकडे संशयाने पाहून काय साधते?

जुवारीकाठ :

तुमचे म्हणणे मला अर्धे पटते. नुसते गावी परत पाठवणे हे पुष्कळदा फेरीचे तिकीट ठरते, आणि ज्या घरातून मूल निघाले तिथे काय बदलले हे न पाहता केलेली पाठवणी मी यशात मोजत नाही. पण चौदा ते अठराच्या मुलांना काम देण्याला ज्या अटी आहेत, त्या बालकामगारविषयक १९८६ च्या कायद्याच्या कलम ७ मध्ये लिहिलेल्या आहेत. संध्याकाळी सात ते सकाळी आठ या वेळेत काम देता येत नाही, विश्रांती आणि कामासाठी थांबण्याचा वेळ धरून दिवसाचे सहा तास ओलांडता येत नाहीत, आणि सलग तीन तासांनंतर तासभर विसावा द्यावा लागतो. आठवड्याची सुट्टी आणि नोंदवही या गोष्टी निराळ्या. किनाऱ्यावरच्या उपाहारगृहाचा खरा धंदा सातनंतरच सुरू होतो, हे तुम्ही माझ्याहून चांगले जाणता. तुमच्याकडचा सतरा वर्षांचा मुलगा सात वाजता घरी जात असेल, तर तुमच्या दारात येणाऱ्या कार्यकर्त्याला चहा द्या आणि नोंदवही दाखवा; त्याला पाच मिनिटांत निघता येईल.

फळा आणि खडू :

मी सरकारी मराठी प्राथमिक शाळेत शिकवते. आमच्या वर्गातली निम्म्याहून अधिक मुले परराज्यांतल्या कामगारांची आहेत, म्हणून एक गोष्ट सुचवते. भेट देणारी व्यक्ती मुलाला महिन्यातून अर्धा तास पाहते, शाळा त्याला रोज पाहते. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाचे नाव आधी शाळेत घाला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, शाळा सोडल्याचा दाखला उशिरा आला म्हणून अडवताही येत नाही, आणि मुलाला वयाला साजेशा वर्गात बसवावे लागते. काही मुख्याध्यापकांना हे पुन्हा सांगावे लागते. न कुरकुरता सांगावे.

नाव घातल्यावर हजेरीपट वाचायला शिका. माध्यान्ह आहारापर्यंत थांबून नंतर नाहीसे होणारे मूल, गणेशचतुर्थीच्या सुट्टीनंतर हंगाम सुरू झाला की परत न आलेले मूल, पालकसभेला दर वेळी वेगळाच "काका" सही करायला येणारे मूल, ही तीन मुले मी स्वतः वेगळ्या पानावर लिहून ठेवते. एका वर्षी असे लिहूनही मी कुणाला कळवले नाही, आणि डिसेंबरात ती खोली रिकामी झाली होती. त्या मुलीचे पुढे काय झाले ते मला माहीत नाही.

तेरेखोलपलीकडची :

सर्वांचे आभार. गावाचे नाव काढले आहे. काल सकाळी सात वाजता पुन्हा गेले होते. दुसऱ्या वस्तीतल्या अंगणवाडीत मदतनीस असलेल्या, कन्नड बोलणाऱ्या एक काकू सोबत आल्या. पुरुषांपैकी चौघे कामावर गेले होते, दोघे झोपले होते, आणि मुलगा नळावर कपडे धूत होता. काकूंनी त्याच्याशी आधी पाऊण तास त्याच्या गावच्या जत्रेबद्दल गप्पा मारल्या. मला घाई होत होती, पण त्यांनी मला डोळ्यांनीच गप्प केले.

तो माणूस काका नाही, गल्लीतला आहे. मुलगा दिवाळीपासून एका उपाहारगृहात भांडी घासतो आणि रात्री दोनच्या सुमारास परत येतो. आईच्या दूरध्वनी क्रमांकाचे दहापैकी नऊ आकडे त्याला पाठ होते आणि शेवटच्यावर तो अडला, म्हणून शून्यापासून एकेक आकडा लावून पाहिला. सातव्या प्रयत्नाला आई भेटली. तिला आठ हजार रुपये उचल मिळाली होती आणि मुलगा स्वयंपाकाचे काम शिकतो आहे, असे सांगितले गेले होते. शाळेच्या दाखल्याप्रमाणे त्याला तेरावे वर्ष चालू आहे, हे त्याच्या मुख्याध्यापकांनी काल दुपारी कळवले. त्यानंतर मी समितीला लेखी कळवले आणि संध्याकाळी त्याला हजर केले. तो तूर्त बालगृहात आहे. सामाजिक तपास अहवालाच्या कामात माझी मदत मागितली आहे.

एका गोष्टीवर अडले आहे. मुलाने मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला: केलेल्या कामाचे पैसे मिळतील का? त्याला तारखा आठवत नाहीत. बाजाराच्या दिवशी दुप्पट भांडी असायची, एवढेच आठवते. अहवालात हे कसे लिहावे?

आल्तिनोची पायरी :

त्याने सांगितले तसेच, त्याच्या शब्दांत लिहा, आणि मग दिनदर्शिका घेऊन दिवाळीपासून कालपर्यंत बाजाराचे किती दिवस झाले ते मोजा. तो कोणत्या बाजारांच्या दिवशी आजारी होता किंवा गावी गेला होता हे त्याला आठवेल. ते वजा करा, म्हणजे कामाचा कालावधी उभा राहतो. थकलेल्या मजुरीची मागणी अहवालात स्वतंत्र परिच्छेदात करा आणि तिची प्रत कामगार आयुक्तालयाला द्या. त्याशिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या बालकामगारविषयक निकालाप्रमाणे मालकाकडून प्रत्येक मुलामागे वीस हजार रुपये वसूल करून पुनर्वसन निधीत जमा करावे लागतात; २०१६ च्या दुरुस्तीनंतरच्या निधीत सरकारनेही पंधरा हजार घालायचे असतात. ही रक्कम मजुरीपेक्षा वेगळी आहे, दोन्ही एकत्र करू नका. उचलीचे आठ हजार आईकडे परत मागायला तो गल्लीतला माणूस जाईल, तेव्हा तिच्या जिल्ह्यातल्या बाल संरक्षण कक्षाला आजच पत्र पाठवा.